माझ्या वाट्याची भिंत

आमच्या घरात देवाशी बोलायचं खातं बायकोकडे आणि माणसांशी भांडायचं खातं माझ्याकडे आहे. ही वाटणी कुणी ठरवली नाही, लग्नानंतर हळूहळू होत गेली. माझं शिरूरला वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेडचे सांगाडे, असली कामं करतो. राग माझ्या नाकावर असतो हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, तरी ती येतात, कारण माझ्या गेटची बिजागरी कुरकुरत नाही. बायकोही कुरकुरत नाही. ती प्रार्थना करते, आणि तीही मला ऐकू जाईल अशा आवाजात. मला त्याचाच जास्त धाक वाटतो.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बायबलचा अभ्यास असतो. चार-पाच घरची माणसं जमतात. शिकवतात ते गुरुजी, म्हणजे शाळेतून रिटायर झालेले आमचे वडीलधारे. हातात बायबल आलं की त्यांना समोर इयत्ता चौथी दिसते. कुणी जांभई दिली तर पुढचं वचन त्यालाच वाचायला लावतात. दौंडहून मामा येतात. मामा मालगाडीवर गार्ड होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशात असते. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "असू दे, तिचं काय ओझं होतंय का?"

त्या वर्षी गुरुजींनी नहेम्या घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा नहेम्या परक्या राजाच्या दरबारी चाकरीला होता. आपल्या यरुशलेमचा कोट, म्हणजे शहराभोवतीची भिंत, पडलाय हे कळल्यावर तो रडला, उपास केला, मग राजाकडून रजा घेऊन गावी आला आणि लोकांना हाताशी धरून कोट बांधायला लागला. आजूबाजूचे पुढारी आडवे आले. आधी चेष्टा केली, मग धमक्या दिल्या. तेव्हा त्या लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला.

"यातून आपण काय घ्यायचं?" गुरुजींनी विचारलं.

"आधी प्रार्थना," बायको म्हणाली.

"पहारा," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक पुरता विश्वासणारा माणूस होतो," गुरुजी म्हणाले, आणि सगळी मंडळी हसली. मी सोडून.

विषय नुसता पुस्तकात राहिला असता तर बरं झालं असतं. पण कोट आम्हालाही बांधायचा होता. शिरूरहून दौंडकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमची दफनभूमी आहे. पुढच्या बाजूला लोखंडी फाटक, बाकी सगळीकडे वेडी बाभूळ. कुत्री यायची, गुरं यायची, कुणी कांद्याची पात आणून टाकायचं. ईस्टरच्या पहाटे आम्ही तिथे मेणबत्त्या लावून उपासना करतो आणि कबरींवर फुलं वाहतो. दुपारपर्यंत त्या फुलांचा फन्ना उडालेला असायचा. देठसुद्धा उरत नसत.

मला घाई होती ती वडिलांसाठी. वडील दौंडला रेल्वेत होते आणि रिटायर झाल्यावरही तिथेच राहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते तिथल्या दवाखान्यात वारले. त्या वेळी मी दुसऱ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर पडून होतो आणि बायको घरात बंद होती. पांढऱ्या किटमधल्या माणसांनी त्यांना गाडीतून आणलं, आईच्या कबरीशेजारी जेसीबीनं खड्डा काढला आणि काम उरकून निघून गेले. प्रार्थना सांगायला पाळक नाही, गीत नाही, घरचं एक माणूस नाही. जन्मभर जेवणाआधी प्रार्थना केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस एका शब्दाशिवाय पुरला गेला. हे मला फार लागलं होतं. रात्री झोप लागायची नाही. त्यांच्या कबरीचा क्रूस मी दुकानात केव्हाच करून ठेवला होता, पण भिंत झाल्याशिवाय तो लावायचा नाही असं ठरवलं होतं. निदान आता तरी त्यांच्या अंगावरून कुणी चालत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

भिंत कशी बांधायची, यावर गुरुजींनी तोडगा काढला. नहेम्याच्या वेळी ज्यानं त्यानं आपापल्या घरासमोरचा कोट बांधला. आपणही ज्याच्या घरची कबर जिथे, त्यानं समोरचा तुकडा बांधायचा. कल्पना सगळ्यांना फार आवडली. परिणाम असा झाला की एका घरानं लाल वीट लावली, दुसऱ्यानं सिमेंटचे ब्लॉक, तिसऱ्यानं शेतातले दगड. एकाचा तुकडा छातीइतका, तर त्याच्या भावाचा, त्या दोघांचं जमत नसल्यामुळे, त्याहून मुद्दाम वीतभर उंच. लांबून बघितलं तर वाटे की भिंतीला दात आलेत आणि काही पडलेत. माझा तुकडा मागच्या बाजूला, आईवडिलांच्या कबरींच्या पायाशी येत होता. मी ओळंबा लावून, सूत धरून बांधला. खरं सांगायचं तर अख्ख्या भिंतीत सरळ तेवढाच होता.

आणि तेवढाच पाडला गेला.

पाडला म्हणजे कसा, तर वरचे थर काढून माणूस जाईल एवढी खिंड केली होती, आणि काढलेल्या विटा बाजूला रचून ठेवल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. त्यांच्यावर लागलेला सिमेंटचा ओला मालसुद्धा कुणीतरी खरवडून काढला होता. मी पुन्हा बांधलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझा पारा असा चढला की बायको म्हणाली, "अहो, आधी बसा, पाणी प्या."

गुरुवारी यावर प्रार्थना झाली. नहेम्यानं आपल्या शत्रूंविरुद्ध चांगली कडक प्रार्थना केलेली आहे, त्यामुळे मला आधार होता. मी मोठ्यानं मागितलं की हे जो कोणी करतो आहे त्याचे हात जागच्या जागी धरले जावेत. माझ्यानंतर बायकोची पाळी आली. तिनं मागितलं की जो कोणी हे करतो आहे त्याची काही अडचण असेल तर ती दूर व्हावी आणि त्याच्या घरी सुख नांदावं. एकाच घरातून, एकाच पत्त्यावर, दोन उलटे अर्ज. आमेन म्हणताना सगळे जरा अडखळले.

मग पहाऱ्याचं ठरलं. मामा जन्मभर गार्ड, त्यामुळे पहारा त्यांच्याकडे हे कुणाला विचारावंही लागलं नाही. त्यांनी ड्युट्या लावल्या, बॅटरी तपासल्या, आणि घरून लाल-हिरवे झेंडे आणले. मी म्हणालो, "मामा, झेंडे कशाला?" मामा म्हणाले, "सिग्नल फेल झाला तर?" मीही उत्साहात होतो. त्या जुन्या लोकांनी एका हातानं काम केलं आणि दुसऱ्या हातात हत्यार धरलं, असं गुरुजींनी शिकवलं होतं. म्हणून मी एका हातात थापी आणि एका हातात काठी घेऊन वीट लावायला गेलो. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी करून बघावं. माल बुटात गेला, वीट पायावर पडली, आणि काठी मी शेवटी भिंतीला टेकवून ठेवली. बायको मागे उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

रात्रभर आम्ही राखण केली. काही झालं नाही. मामांना दोनदा संशय आला, दोन्ही वेळा कुत्रं निघालं. सकाळी उजाडल्यावर आम्ही देवाचे आभार मानले आणि चहा-मिसळ खायला रस्त्यावरच्या हॉटेलात गेलो. परत आलो तर खिंड तयार आणि विटा रचलेल्या.

मामा खाली बसले. म्हणाले, "माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत पुन्हा दोन थर लावले आणि मिसळीचा मोह टाळला. सगळे भिंतीपाशीच बसून राहिलो. ऊन चढायला लागलं तशी समोरच्या बांधावरून मेंढरांची रांग येताना दिसली. मागे एक म्हातारे आबा, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ते सरळ माझ्या भिंतीपाशी आले, आम्हाला बघून मान हलवली, काठी टेकवून ठेवली आणि पहिली वीट काढायला हात घातला. आमच्या डोळ्यांसमोर!

मामांनी शिट्टी फुंकली आणि लाल झेंडा दाखवला. मेंढरं खरोखर थांबली. मामांना एवढा आनंद झाला की झेंडा खाली आला, आणि मेंढरं पुन्हा चालू लागली.

"आबा, रात्री चोरून भिंत पाडता, लाज नाही वाटत?" मी ओरडलो.

आबांनी वीट हळूच बाजूला ठेवली. "रातच्याला? रातच्याला मेंढरं कोन नेतं? आन् चोरून पाडाया मी काय चोर हाय का? माझी न्याहरी झाली की मी येतो. रोजच येतो. तुमीच नसता हितं."

"ही आमची जागा आहे!"

"व्हय, जागा तुमचीच हाय. वाट आमची हाय." त्यांनी काठीनं दाखवलं. "ह्यो वढा. मेंढरास्नी पानी तिथंच. माझा बाप ह्याच वाटनं न्यायचा. तुमी वाट बंद केली तर मला डांबरीवरनं फिरून जावं लागतंय. उसाचं टॅक्टर, कंपनीचं कंटेनर, समदी सुसाट सुटलेली. मागं पिकपवाल्यानं दोन गाभण मेंढ्या चिरडल्या, थांबला पन न्हाई. पोरं सनसवाडीला कंपनीत, ती म्हनत्यात, आबा, मेंढरं इका. इकून मी काय मोबाइल बगत बसू?"

मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, "कबरीवरून मेंढरं नेता, तिथे माणसं झोपलीत." ते म्हणाले, "कडंकडंनं नेतो." मी म्हणालो, "आणि फुलं कोण खातं?" त्यावर त्यांनी मेंढरांकडे बघितलं. मग म्हणाले, "ती खात्यात. झेंडू दिसला की माझं बी ऐकत न्हाईत."

मी पोलिसांची भाषा काढली. आवाज वाढले. तेव्हा गुरुजी मधे पडले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "भावांनो, आधी प्रार्थना करू." आबांनी लगेच फेटा काढून हातात घेतला आणि मान खाली घातली. गुरुजींची प्रार्थना म्हणजे आदाम-हव्वेपासून सुरू होते. मी एरवी एक डोळा किलकिला ठेवणाऱ्यांपैकी आहे, पण त्या दिवशी रागानं दोन्ही गच्च मिटले होते. अब्राहाम झाला, मोशे झाला, संदेष्टे झाले, शांती आणि सलोखा झाला, आणि आम्ही आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा अख्खा कळप त्या दोन थरांवरून उड्या मारत खिंडीतून पार होऊन ओढ्यावर पाणी पीत होता.

"येतो," आबा म्हणाले, आणि फेटा बांधत त्यांच्या मागे गेले.

परत येताना गाडीत बायकोला विचारलं, "तू डोळे मिटले नव्हतेस का?" ती म्हणाली, "मिटले होते. पण कान उघडे होते. खुरं वाजत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"प्रार्थना चालू होती ना," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी पोलिसांत अर्ज द्यायचा विषय काढणार होतो. माझ्याआधी बायकोनं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, त्या लोकांनी एवढा कोट बांधला, तर त्यांनी जायला-यायला दारं ठेवली होती का?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते जरा ओशाळले होते. म्हणाले, "पहाऱ्याच्या आधीचा अध्याय दारांचाच आहे. त्यात नुसती नावंच नावं, उच्चार अवघड, म्हणून मी तो गाळून पुढे गेलो." मग त्यांनी तो काढून वाचायला लावला. कोणी कोणती वेस बांधली याची भली मोठी जंत्री. आणि याजकांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, हात घातला तो मेंढरांच्या वेशीला. कामाची सुरुवातच तिथून.

सगळे माझ्याकडे बघत होते. अर्ध्या तालुक्याला गेट करून देणारा माणूस मी, आणि ज्यानं त्यानं आपल्यापुरती भिंत बांधायच्या नादात वाटेला दार ठेवायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

"माझ्या बापाच्या पायाशी मेंढरांसाठी दार? कदापि नाही," मी म्हणालो आणि आत निघून गेलो.

बायकोनं माझ्याशी वाद घातला नाही. त्या रात्री ती स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता प्रार्थना करत होती. "प्रभू, या माणसाच्या हातात कला दिलीस त्याबद्दल तुझे आभार." थप. "ते हात एका चांगल्या कामाला लागू देत." थप, थप. "आणि त्याच्यावरचा राग भाकरीवर काढायची मला बुद्धी देऊ नको." मी बाहेर बसून ऐकत होतो आणि तिलाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी भाजी आवडीची होती, प्रार्थना मात्र तीच. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, अँगल कापले आणि चौकट वेल्ड केली. कुणासाठी करतोय हे कारागिरांनी विचारलं तेव्हा त्यांच्यावर खेकसलो.

गेट बसवायला आम्ही सकाळी गेलो. गुरुजी, मामा, बायको आणि मी. खिंड आबांनी करूनच ठेवली होती, त्यामुळे तोडफोड करावी लागली नाही. आबा त्यांच्या वेळेला आले. गेट बघून त्यांनी काठी ठेवली, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि मी काँक्रीट ओतेपर्यंत हलू दिली नाही. मामा लांबून ओळंबा बघून हिरवा झेंडा दाखवत होते. काम झाल्यावर मी म्हणालो, "ईस्टरला कडी आतून लागेल. फुलं सुकेपर्यंत."

"चालंल," आबा म्हणाले.

माल उरला होता. मी गाडीतून क्रूस काढला आणि वडिलांच्या डोक्याशी खड्डा घ्यायला बसलो. आबा जवळ येऊन उभे राहिले.

"ह्यो तुमचा कोन?"

"वडील."

"ह्यो रेल्वेवाला? ह्यो तुझा बाप?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आरं मंग आधी सांगायचं! इतकं दिवस भांडत बसलास ते!"

आबा खाली बसले. म्हणाले, "दर आयतवारी सायकलवर यायचा तुझ्या आईपाशी. बसायचा. मंग माझ्याकडची तंबाकू खायाचा."

"ते तंबाखू खात नव्हते," मी म्हणालो. तंबाखूची पुडी सापडली म्हणून त्यांनी मला एकदा अंगणात सगळ्यांदेखत बदडलं होतं.

"माझ्याकडची खायाचा," आबा म्हणाले. मग कबरीकडे बघत सांगू लागले. "त्या दिसाला मी हितंच हुतो. ती तोंडं बांधलेली पोरं आली, जेसीबीनं माती लोटली आन् निगाली. मी म्हनलं, आरं, नुसतंच? काय म्हना तरी. तर ती म्हनली, आमास्नी न्हाई येत, बाबा. मंग म्याच फेटा काढला. तुमच्या देवाला काय म्हनत्यात ते ठावं न्हाई, म्हून नुसतं देवा म्हनलो. म्हनलो, देवा, ह्यो मानूस माझ्या वळखीचा हाय. हाडाचा सरळ हाय. माझ्याकडची तंबाकू खायाचा. बायकूला भेटाया लांबून सायकल हानत यायचा, आता त्येला तिच्यापाशी नीट पोचीव. मंग खोरं आनून माती सारकी केली. वली माती कुत्री उकरत्यात, म्हून वरनं काटं टाकलं, आन् माती बसूस्तवर मेंढरं रातच्याला हितंच बसिवली. मी बी हितंच निजायचो."

मला रडू फुटलं. वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यांतून पाणी येणं लोकांना नवीन नाही, पण त्यात आवाज नसतो. मी आवाज करून रडलो, मामांच्या समोर, गुरुजींच्या समोर, मेंढरांच्या समोर. इतकी वर्षं जे लागलं होतं ते झालंच नव्हतं. माझ्या बापासाठी कुणीतरी बोललं होतं, आणि मग राखणही केली होती, आणि त्याच माणसाला मी लाज नाही का वाटत म्हणून विचारलं होतं.

बायको पुढे आली. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"आबा, तेव्हा आम्ही कुणीच नव्हतो," ती म्हणाली. "तेच आता परत म्हणता का?"

आबांनी फेटा काढला. गुरुजींनी टोपी काढली. आबांनी तेच सगळं परत म्हटलं, अगदी सावकाश, फक्त गुरुजींकडे एकदा बघून तंबाखूचं तेवढं गाळलं. मी आमेन म्हणालो.